आतल्या परीक्षकाला शिकवायचं कसं

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात जबलपूरहून 'वसुधा' नावाचं हिंदी मासिक निघत असे. हरिशंकर परसाई त्याचे संपादक. 1957-58 च्या सुमारास त्यात 'एक साहित्यिक की डायरी' हे सदर येत होतं. लेखक होते गजानन माधव मुक्तिबोध. घर मराठी, लेखन हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले नामवंत कवी आणि समीक्षक. गजानन मुक्तिबोधांचा जन्म 1917 चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. चाळीसच्या दशकात ते काही काळ जबलपुरातही होते. तिथे हितकारिणी शाळेत शिकवलं, वर्तमानपत्रात काम केलं आणि मग नागपूरची वाट धरली.

डायरी म्हटलं की रोजच्या घडामोडी आल्या. या सदरात त्या फारशा नाहीत, तिथे चालतो तो वाद. लेखक कधी केशव नावाच्या मित्राशी बोलतो, कधी स्वतःशीच भांडतो, आपलीच मतं उलटसुलट करून पाहतो. माणसाने स्वतःवर टीका कशी करावी हे शिकायचं असेल, तर यासारखी शाळा शोधून सापडायची नाही. आणि ती टीका ताळतंत्र सोडून गेली की माणसाचं काय होतं, याचं चित्रही याच लेखकाने 'ब्रह्मराक्षस' या कवितेत काढलं आहे. दुखणं कुठे आहे आणि उतारा कुठल्या दिशेला आहे, हे दोन्ही एकाच माणसाकडे सापडतं. म्हणून हे प्रकरण मुक्तिबोधांच्या सोबतीने वाचायचं आहे.

निकाल आणि तपासणी

आपण सगळेच दिवसभर मनात बोलत असतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर या बोलण्याकडे लक्ष जात नाही. काही बिघडलं की मात्र आतला आवाज चढतो. "माझ्याच्याने काही होणार नाही." "मी आहेच धांदरट." "पुन्हा माती खाल्लीस ना?" "चार लोकांत नाक कापलं गेलं."

ही वाक्यं जरा निरखून पाहा. बिघडलेलं असतं एखादं काम, पण वाक्य असतं सबंध माणसाबद्दल. घडलेलं असतं आज दुपारी, पण वाक्यात "नेहमीच" आणि "कधीच" येतं. आणि आता पुढे काय करायचं, याचा तर त्यात पत्ताच नसतो. आतला परीक्षक पेपर न वाचताच नापासाचा शिक्का मारून मोकळा झालेला असतो.

फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांच्या हे 1960 च्या दशकात लक्षात आलं. नैराश्याचे रुग्ण त्यांच्यापुढे बोलत असत, त्याच वेळी त्यांच्या मनात आणखी एक प्रवाह चालू असे: "मी बोलतोय ते डॉक्टरांना कंटाळवाणं वाटत असणार", "माझं काही खरं नाही." हे विचार झटक्यात येतात, आपोआप येतात, आणि येताक्षणी खरे वाटतात. बेक यांनी रुग्णांना ते पकडायला, लिहायला आणि पुराव्यावर घासून पाहायला शिकवलं. त्याआधी 1955 मध्ये न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडायला सुरुवात केली होती. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी थेट संपर्क ठेवून ती रुजवली. 1990 मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मराठी घराघरांत नेली.

एलिस यांच्या सांगण्यातला या प्रकरणापुरता गाभा एवढाच: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. "आजचं भाषण विस्कळीत झालं" हे तपासता येतं. भाषण कुठे विस्कटलं, का विस्कटलं, हे बघता येतं. "मी टाकाऊ आहे" हे तपासणार कसं? एका माणसाच्या हातून आयुष्यभरात लाखो कृती होतात. त्या सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढणं कुणालाच शक्य नाही, आणि आपण तो आकडा एका दुपारवरून काढतो.

विहिरीतला विद्वान

'ब्रह्मराक्षस' ही कविता मुक्तिबोधांच्या 'चाँद का मुँह टेढ़ा है' या संग्रहात आहे. शहराबाहेर पडक्या वस्तीकडे एक सोडून दिलेली पायऱ्यांची विहीर आहे. पायऱ्या खोल पाण्यात बुडालेल्या, भोवती उंबराची झाडं. आत ब्रह्मराक्षस राहतो. आपल्या समजुतीप्रमाणे ब्रह्मराक्षस म्हणजे विद्या असूनही मुक्ती न मिळालेला ब्राह्मण. हा ब्रह्मराक्षस मोठा विद्वान आहे. वेदांतल्या ऋचांपासून मार्क्स, रसेल, सार्त्र आणि गांधींपर्यंत सगळ्यांचा त्याने अभ्यास केलेला आहे.

आणि तो रात्रंदिवस एकच गोष्ट करतो: अंग घासतो. हात, छाती, तोंड, पुन्हा पुन्हा, थांबल्याशिवाय. आपण मळलेलो आहोत असं त्याला वाटतं. घासून घासूनही मळ निघत नाही. मध्येच भिंतीवर तिरपा सूर्यकिरण पडला, तर त्याला वाटतं सूर्यानेच आपल्याला नमस्कार केला. स्वतःबद्दलची पराकोटीची घृणा आणि पराकोटीचा मोठेपणा एकाच जिवात नांदतात, हे मुक्तिबोधांनी फार अचूक पकडलं आहे. "मी जगातला सर्वांत नालायक" म्हणणाऱ्या माणसाच्या तळाशी बहुधा "माझ्याकडून चूक होताच कामा नये" ही मागणी बसलेली असते. इतरांच्या हातून चुका होतात, त्याला तो हरकत घेत नाही. स्वतःला मात्र ती सवलत नाही.

त्याचं दुःख आणखी पुढे जातं. वाईट आणि चांगलं यांतला झगडा समजण्यासारखा असतो. चांगलं आणि त्याहून चांगलं यांतला झगडा त्याहून उग्र, असं ही कविता सांगते. अंधारातल्या एका जिन्यावर तो चढतो, घसरतो, पाय मुरगळतो, पुन्हा चढतो. परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, कलावंताला आणि गृहिणीला हा जिना ओळखीचा वाटेल. शेवटी तो ब्रह्मराक्षस तसाच, काम अर्धवट टाकून, मरून जातो.

मुक्तिबोधांना हे बाहेरून दिसलेलं नव्हतं. आपल्या दीर्घ कवितांवर ते वर्षानुवर्षं फिरून फिरून काम करत. 11 सप्टेंबर 1964 रोजी, वयाची सत्तेचाळीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, ते गेले. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह निघाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी.

घोळवत राहण्याची किंमत

घासत राहणं हे काम केल्यासारखं वाटतं, हीच यातली खरी फसगत आहे. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तोच प्रसंग दहा वेळा मनात घोळवला की वाटतं, आपण आपल्या चुकीबद्दल विचार करतोय, म्हणजे आपण जबाबदार माणूस आहोत. पण अकराव्या वेळीही त्यातून नवं काही हाती लागत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांनी या घोळवण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. 17 ऑक्टोबर 1989 ला कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोग असा की, त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःखात विचार करण्याची त्यांची सवय यांची नोंद घेतलेली होती. भूकंपानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा आधीपासून घोळवण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. भूकंपाचा धक्का सगळ्यांनाच बसला होता. फरक पडला तो त्यानंतर मनात काय चालू राहिलं याने.

तेव्हा स्वतःवर टीका करावी की नाही, हा प्रश्नच नाही. करावीच. टीका सोडून दिलेला माणूस शिकायचा थांबतो. प्रश्न असा आहे की, ती टीका कुठून करायची, कशावर करायची आणि कुठे संपवायची.

तिसरा क्षण

'डायरी'तल्या 'तीसरा क्षण' या लेखात मुक्तिबोध कलेचे तीन क्षण सांगतात. पहिला, आयुष्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून जणू डोळ्यांसमोर उभा राहतो तो. तिसरा, त्याला शब्द मिळू लागतात आणि ते काम पुरं होईपर्यंत चालतं तो. हे त्यांनी कवितेबद्दल लिहिलं, पण आपल्या चुकांशी वागायलाही हा क्रम जसाच्या तसा लागू पडतो. चूक झाल्याझाल्या आपण पहिल्या क्षणात असतो: कान तापलेले, पोटात गोळा आलेला. तिथून थेट निकाल दिला की तो वेदनेचा निकाल असतो. मध्ये दुसरा क्षण यावा लागतो. प्रसंग आपल्यापासून हातभर लांब ठेवता आला पाहिजे, म्हणजे तो आपलाही राहतो आणि दिसतोही.

हे अंतर निर्माण करण्याची एक साधी युक्ती प्रयोगांत तपासली गेली आहे. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना ऐन वेळी भाषण करायला सांगितलं. तयारीला पाच मिनिटं. काहींनी मनात "मी का घाबरलोय?" असं विचारायचं होतं. काहींनी स्वतःला नावाने किंवा "तू" म्हणून विचारायचं होतं. नावाने बोलणाऱ्यांचं भाषण परीक्षकांना जास्त चांगलं वाटलं. भाषणानंतरची त्यांची शरम आणि घोळवणंही कमी होतं. कारण साधं आहे. दुसऱ्याची अडचण आपल्याला स्वच्छ दिसते. "तू" म्हणताच आपण स्वतःच्या बाबतीतही क्षणभर तो दुसरा होतो.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. रामदासांनी 205 श्लोक मनाला उद्देशून लिहिले, आणि ते लहानपणी पाठ केलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या श्लोकांत मनाला कडक शब्दांत समज दिलेली आहे, पण समज देणारा मनाचा वैरी नाही. मुक्तिबोधांनी तेच काम केशवकडून करून घेतलं. स्वतःचे आक्षेप मित्राच्या तोंडी घातले की ते आक्षेप टोकदार राहतात आणि जीव मात्र घेत नाहीत.

एक तारीख, एक वही

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते पाहू. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला आहे, तेव्हा उदाहरण तिथलंच कल्पू. वकिलीत नुकतीच आलेली एक मुलगी आहे. सिनियरनी तिला एका याचिकेत अंतरिम स्थगिती मागायला उभं केलं. कायद्याचा मुद्दा तिने चोख तयार केला होता. न्यायमूर्तींनी पहिलाच प्रश्न विचारला: "आदेश केव्हाचा आहे आणि याचिका इतक्या उशिरा का?" ती फाईल चाळू लागली. आदेशाची तारीख सापडली, प्रत हातात कधी पडली ते सापडेना. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. न्यायालयाने पुढची तारीख दिली.

रात्री तिच्या मनात सुरू होतं: "सगळ्यांसमोर माती खाल्ली. सर आता मला फाईलच देणार नाहीत. मला वकिली झेपणारच नाही. बाबा म्हणत होते तेच खरं."

पहिलं काम, ही वाक्यं जशी आली तशी वहीत उतरवायची. सुधारायची नाहीत, गुळगुळीत करायची नाहीत. मनात असतात तेव्हा ती घोंघावतात. कागदावर आली की त्यांची संख्या कळते: चारच आहेत.

दुसरं, शेजारच्या पानावर फक्त घडलेलं लिहायचं, कोर्टाच्या कारकुनाने नोंदवलं असतं तेवढंच. "उशिराबद्दल प्रश्न आला. आदेशाची प्रत मिळाल्याची तारीख सांगता आली नाही. पुढची तारीख मिळाली." याचिका फेटाळलेली नाही, हे तिला इथे पहिल्यांदा दिसेल. सर काहीच बोललेले नाहीत, हेही. "फाईल देणार नाहीत" हे वाक्य तिने त्यांच्या तोंडी स्वतःच घातलेलं होतं.

तिसरं, स्वतःला नावाने हाक मारून प्रश्न विचारायचा: "तुझं नेमकं काय कमी पडलं?" उत्तर सौम्य असण्याची गरज नाही, नेमकं असलं पाहिजे. "तू कायदा वाचलास, तारखा वाचल्या नाहीस. लिस्ट ऑफ डेट्स दुसऱ्याने तयार केली होती, ती तू एकदाही स्वतः ताडून पाहिली नाहीस." हे ऐकायला "मला वकिली झेपणार नाही" यापेक्षा जास्त बोचतं, कारण हे खरं आहे आणि दुरुस्त करता येण्यासारखं आहे. मोघम शिव्यांमागे लपता येतं, नेमक्या दोषामागे लपता येत नाही.

चौथं, पुढची कृती, दिवस घालून. "शनिवारी बसून प्रत्येक तारखेसमोर कागदाचा पान क्रमांक लिहायचा. उशिराचं कारण दोन वाक्यांत पाठ करायचं. सोमवारी सरांना दाखवायचं." आणि सरांना सांगायचं वाक्यही तयार ठेवायचं: "सर, उशिराच्या प्रश्नाची माझी तयारी कमी पडली. लिस्ट ऑफ डेट्स मी पुन्हा केली आहे, एकदा बघाल का?" एवढं झालं की वही मिटायची. त्या प्रसंगाची तपासणी संपली. रात्री तो पुन्हा मनात आलाच, तर स्वतःला एवढंच विचारायचं: यात नवं काही आहे का? नसेल, तर शनिवार ठरलेला आहे.

मवाळपणाने माणूस ढिला पडतो का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. आपल्याकडे छडी आणि विद्या यांची जोडी फार जुनी आहे. स्वतःला झोडपलं नाही तर आपण सुस्त होऊ, अशी मनापासूनची भीती अनेकांना वाटते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी 2012 मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. नंतर एका गटाला सांगितलं की, ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. पुढच्या परीक्षेसाठी याच गटाने जास्त वेळ अभ्यास केला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातला 2010 चा अभ्यासही याच दिशेचा आहे. पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची टंगळमंगळ कमी झाली.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. ज्या वहीत आपल्याला फक्त शिव्या मिळणार आहेत, ती वही आपण उघडत नाही. ज्या विषयात मार बसतो, त्या विषयाचं पुस्तक मूल लपवतं. चुकीकडे पाहण्याची हिंमत येण्यासाठी, ती पाहिल्यावर आपण उद्ध्वस्त होणार नाही एवढी खात्री आधी लागते. स्वतःबद्दलची माया ही सुधारणेची पहिली अट आहे.

आपला वाटा, परिस्थितीचा वाटा

तपासणीत आणखी एक रकाना हवा: यात माझा वाटा किती आणि परिस्थितीचा किती? मुक्तिबोधांच्या घरात पैशाची ओढाताण कायमची होती. नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली. 1962 मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो धक्का मोठा होता, आणि त्याचा दोष स्वतःच्या स्वभावात शोधत बसण्यात अर्थ नव्हता. याउलट, आपण मध्यमवर्गीय माणसं कुठे गप्प बसतो आणि कुठे सोयीने तडजोड करतो, हा वाटा त्यांनी स्वतःच्या पदरात घेतला आणि त्यावर कठोरपणे लिहिलं.

ज्या मुलीला घरकाम उरकून रात्री अकराला पुस्तक उघडावं लागतं, तिने कमी गुणांसाठी केवळ स्वतःला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. तो अन्याय ती स्वतःवर करते, आणि घरातली माणसं त्यातून सुटतात. तिच्या तपासणीतून निघणारी पुढची कृती अभ्यासाचं नवं वेळापत्रक नसून "आई, परीक्षेपर्यंत संध्याकाळची भांडी भावाने घासायची" हे वाक्य असू शकतं. तेही आत्मपरीक्षणच.

वहीच्या पलीकडचं

काही वेळा आतला आवाज एवढा काळवंडतो की वही पुरत नाही. दोन-दोन आठवडे झोप नीट नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, आणि "मी नसलेलंच बरं" असे विचार येतात, तेव्हा तो आजार असू शकतो. तिथे युक्त्या करत बसू नये. घरातल्या एका माणसाला सांगावं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीत आणि हिंदीतही. बेक आणि एलिस यांच्या पद्धती अशा प्रसंगी जाणकाराच्या हातूनच वापरायच्या असतात.

शिष्य होण्याची इच्छा

'ब्रह्मराक्षस' कवितेच्या अगदी शेवटच्या ओळी मुद्दाम आतापर्यंत सांगितल्या नाहीत. कवितेतला निवेदक त्या ब्रह्मराक्षसाला हुसकावत नाही, त्याची टर उडवत नाही आणि विहीर बुजवा असंही म्हणत नाही. त्याला त्याचा शिष्य व्हायचं आहे. भरल्या मनाने, त्याच्या वेदनेचं मूळ समजून घेऊन, त्याचं अर्धवट राहिलेलं काम तडीला न्यायचं आहे.

आपल्या आतल्या निष्ठुर परीक्षकाशी वागण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. तो आवाज खोटा आहे म्हणून त्याला गप्प करायला गेलो, तर तो दामटून बोलतो. त्याचं सगळंच खरं मानलं, तर आपण त्याच्याबरोबर विहिरीत उतरतो. त्याला काहीतरी नीट व्हावं असं मनापासून वाटतं, एवढं त्याच्यातलं घ्यावं. काम करण्याची त्याची पद्धत मात्र आपण बदलावी: माणसाऐवजी कामाकडे बोट दाखवायला, "नेहमीच"ऐवजी तारीख लिहायला आणि तपासणी संपली की थांबायला त्याला शिकवावं. आज स्वतःवर टीका केलीत, तर तिच्या शेवटी एक कृती आणि एक दिवस लिहिलेला आहे का, ते पाहा. नसेल, तर ती टीका अजून पुरी झालेली नाही. वही उघडा आणि ती पुरी करा.